विलासने मागितलेली माफी

आईला हे माहीत नाही. माझ्या भावाला, मिलिंदला, माहीत नाही. ज्या एका गृहस्थांना माहीत होतं ते वारले, त्याला आता दोन वर्षं होतील. म्हणजे सध्या ही गोष्ट जगात माझ्या एकटीकडे आहे. ओझं वाहून वाहून थकले, असं काहीतरी लिहिणार होते — पण आणखी एक खोटं कशाला? मी व्यवस्थित जेवते, कामाला जाते, मैत्रिणींशी फोनवर खिदळते. फक्त स्वयंपाक करताना, गॅसजवळ उभी असले की कधी कधी वाटतं, मागे कुणीतरी येऊन थांबलंय. काही बोलत नाही, नुसतं थांबलंय. वळून बघते तर आई असते. नाहीतर कुणीच नसतं.

तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून, बहुतेक. ओळखीच्या माणसाला सांगायची हिंमत व्हायची असती तर ती पाच वर्षांपूर्वीच झाली असती. तेव्हा एक शब्द पुरला असता. आता किती लागतील कोण जाणे.

मी सुजाता. मुलुंड पूर्वेला आईबरोबर राहते. घाटकोपरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करते. एकोणीस वर्षांत माझ्या हातून एक ओळ गळलेली नाही. डॉक्टर नव्या मुलींना माझं उदाहरण देतात. आणि मी तापट आहे. बाबा शांत होते, मिलिंद तर बर्फ आहे, सगळा राग घरात माझ्या वाट्याला आला. राग आला की मला कानात ऐकू येईनासं होतं. हे सबब म्हणून सांगत नाही — पुढे जे घडलं ते कसं घडलं, ते कळावं म्हणून सांगते.

बाबा बुलढाण्याकडून आले, पाणी खात्यात लागले, आणि निवृत्तीच्या आधी त्यांनी हा फ्लॅट घेतला. अठ्ठावीस घरांची सोसायटी. दारावर बुद्धाची तसबीर असलेलं घर आमचं एकच. कुणी कधी वाईट वागलं नाही, खोटं का बोला. पण बाबा गच्चीवरच्या मीटिंगला जाताना इस्त्रीचा शर्ट घालायचे, आणि बाकीचे बनियनवर यायचे. मला ते लहानपणापासून दिसत होतं. मिलिंद फौजेत गेला आणि चित्र एकदम पालटलं. आम्ही ‘जवानाच्या घरचे’ झालो. लिफ्टमध्ये लोक मला आधी आत जाऊ द्यायला लागले. मला ते आवडायचं. फार आवडायचं — हे लक्षात ठेवा.

आता विलास. विलास कराडकडचा. तो आणि मिलिंद एकाच दिवशी भरती झाले, ट्रेनिंगला शेजारच्या खाटांवर झोपले, पुढे युनिटही एकच मिळालं. फौजेत प्रत्येकाला एक जोडीदार ठरवून देतात, एकमेकांच्या जिवाची जबाबदारी असलेला. हे दोघं एकमेकांचे. सुट्टीवर जाताना विलास एक मुक्काम आमच्याकडे करायचा. आमचा गळका नळ त्यानं बसवला, आईच्या देवळीसारख्या कपाटाचं दार त्यानं नीट केलं. मला ताई म्हणायचा. बाबा गेले तेव्हा मिलिंद वरच्या पोस्टवर होता, रस्ता बंद होता, त्याला खाली उतरताच आलं नाही. विलास गावी सुट्टीवर होता. फोन केल्यापासून सात तासांत तो एसटीनं आमच्या दारात आला. बाबांना खांदा दिला — मिलिंदच्या जागी, पुढचा. आई अजूनही म्हणते, माझे दोन मुलगे आहेत.

हे सगळं मला माहीत होतं. माहीत असून केलं.

फौजेचा एक नियम मला मिलिंदकडून फार लवकर कळला होता — बोलायचं नाही. पेपरवाल्यांशी नाही, नेटवर तर नाहीच. तक्रार असेल तर वरच्याला सांगायची, तो त्याच्या वरच्याला सांगणार. मग एका पावसाळ्यात हुकूम आला की फोनमधली अमुक अमुक ॲप काढून टाका, खातीही बंद करा. मिलिंदनं तसं केलं. त्याच्या पानावर होतं तरी काय? आईचा एक फोटो, बर्फाचे दोन आणि बुद्धपौर्णिमेच्या शुभेच्छा. मला फोन करून म्हणाला, “ताई, मी वारलो नेटवरून.” पुढे सांगत होता, मधूनच फोन हातात धरून रांगेत उभं करतात आणि तपासतात. घरच्यांशी बोलायला मेसेजच्या ॲपची मुभा तेवढी होती.

मी त्याला म्हटलं होतं, “म्हणजे तोंडं शिवली तुमची.”

“तसं नाही गं. माझ्या मागचा डोंगर बघून समोरच्याला कळतं ना मी कुठे उभा आहे. बरोबरच आहे ते.”

“आणि डाळीत पाणी असेल तर? त्यावरून समोरच्याला काय कळतं?”

तो हसला आणि आईच्या गुडघ्याचं विचारलं. माझा मात्र त्या नियमावरचा राग तिथपासून सुरू झाला. पुढे तो राग मला खूप उपयोगी पडला. सांगते.

त्या वर्षी जानेवारीत त्याचा एक आवाजी मेसेज आला. पावणेदोन मिनिटांचा. वर फार थंडी होती. नवीन हातमोजे आलेच नव्हते, आणि जुन्यांतली तिघांत एकच धड जोडी उरली होती. पहाऱ्याला जाईल त्यानं ती घालायची, परत आला की दुसऱ्याला द्यायची. “आधीच्याच्या हाताची ऊब असते यार आत, तेवढीच चैन,” असं म्हणून तो हसला होता. मग आवाज बदलला. दोनदा वर सांगितलं, म्हणाला, मागणी गेली आहे एवढंच उत्तर येतं. साहेब लोकांच्या हातांत बघ एकदा काय झकास मोजे आहेत. एकाची दोन बोटं काळी पडली तेव्हा कुठे कुणीतरी वहीत लिहून घेतलं. मिलिंदला एवढं कडू बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. आणि शेवटी — “ताई, हे तुझ्यापुरतं हां. तुला आणि विलासला फक्त पाठवलंय, मन मोकळं करायला. बाहेर गेलं तर माझी वाट लागेल.”

विलास तेव्हा गावी सुट्टीवर होता. त्याच्या मुलीचा पहिला वाढदिवस जवळ आला होता.

दोन दिवसांनी सव्वीस जानेवारी. सोसायटीच्या आवारात झेंडावंदन झालं, वडे आणि बुंदीचे लाडू झाले, आणि ‘जवानाची भगिनी’ म्हणून मला शाल आणि नारळ दिला. टाळ्या वाजल्या. मी दोन शब्द बोलले. मग आमचे सेक्रेटरी केळकरकाका लाडूची बशी घेऊन जवळ आले. माणूस वाईट नव्हता हो. बँकेतून निवृत्त झालेला, सोसायटीसाठी राबणारा. हसत हसत म्हणाले, “बाकी काही म्हणा, तुमच्या भावाचं छान झालं. कॅन्टीन, रेशन, पेन्शन. आणि तुमच्या लोकांना तर त्यावर आणखी...” पुढचं त्यांनी पुरं केलं नाही. त्यांना गरज वाटली नाही.

आणि मी काय म्हटलं असेल? “हो ना,” म्हटलं. खांद्यावर शाल होती ना.

लिफ्टची वाट न बघता तीन जिने चढेपर्यंत कान बंद झाले. आई खालीच बायकांत गप्पा मारत बसली होती. मी वरणभाताचा कुकर लावला, आणि तिथेच ओट्याशी उभी राहून ठरवलं की ह्या माणसाला ऐकवायचं. कॅन्टीन आणि रेशन म्हणजे काय ते त्याला ऐकवायचंच. मेसेज तसाच पुढे ढकलता आला असता. पण शेवटचं ते वाक्य — ‘हे तुझ्यापुरतं’ — ते केळकरकाकांनी ऐकलं असतं, तर ते मला म्हणाले असते, मग मला का ऐकवताय?

आईचा फोन ओट्यावर होता. त्यात सेक्रेटरी म्हणून त्यांचा नंबर होता. मी आईच्या फोनवर त्यांचं नाव उघडून बोलायचं बटण अंगठ्यानं दाबून धरलं, आणि माझा फोन शेजारी धरून मिलिंदचा आवाज लावला. मध्येच कुकरची शिट्टी झाली. मी हलले नाही. हातमोजे झाले, साहेब झाले, काळी बोटं झाली. मिलिंद ‘ताई’ म्हणाला — आणि मी अंगठा उचलला.

गेलं. निळ्या खुणा आल्या. दहा मिनिटांनी उत्तर आलं, हात जोडल्याचं चित्र आणि ‘डोळे उघडलेत’. मला इतकं बरं वाटलं होतं! तेही लपवत नाही. मी त्या दिवशी दोन वेळा भात घेतला.

चौथ्या दिवशी लॅबमध्ये माझ्या शेजारच्या टेबलावरच्या बाईनं डबा खाताना फोन लावला. झेंड्याचं चित्र, मागे रडकी बासरी, वर लिहिलेलं — ‘सीमेवरच्या मराठी जवानाची व्यथा’. आणि आत माझा भाऊ बोलत होता. आमच्या कुकरची शिट्टीसुद्धा तशीच होती. “बिचारा,” ती म्हणाली. “कोण असेल गं?” मी म्हटलं, “काय माहीत.” तोंडात घास होता, तो गिळला.

त्याच संध्याकाळी केळकरकाका दारात आले. चेहरा पांढरा पडला होता. “मी फक्त आमच्या सकाळच्या चालण्याच्या ग्रुपवर टाकलं हो. लोकांना कळावं म्हणून. पुढे कुणी काय केलं...” आई आत होती म्हणून आम्ही जिन्यात उभं राहून बोललो, चोरांसारखे. ते म्हणाले, “मी तुमचं नाव घेणार नाही. तुम्ही माझं घेऊ नका. माझं वय बघा.” मी मान हलवली. आत जाऊन आईच्या फोनमधून तो मेसेज काढून टाकला. पुढे मरेपर्यंत ते माझ्याशी अतोनात आदरानं वागले. झेंडावंदनाला स्वतः माझ्यासाठी खुर्ची उचलून आणायचे. मीही बसायचे.

मग मिलिंदचा फोन आला. दुसऱ्याच कुणाच्या नंबरवरून, दुपारी, मी लॅबमध्ये असताना. मी बाहेरच्या पॅसेजमध्ये गेले. त्याचा स्वतःचा फोन जमा करून घेतला होता. आवाज कुणीतरी ओळखला होता, चौकशी बसली होती. तो घाबरला नव्हता, नुसता दमलेला वाटत होता.

“ताई, खरं सांग. तू कुणाला पाठवलंस का? रागवणार नाही मी. मला फक्त त्यांना खरं सांगायचंय.”

रागवणार नाही, असं म्हणाला होता तो. आणि तो रागावलाही नसता, मी त्याला ओळखते. मग मला भीती कसली होती? पोलिसांची? नोकरीची? नाही हो. आता पाच वर्षं विचार करून सांगते — मला भीती होती की तो गप्प बसेल. फोनवर दोन क्षण काही बोलणार नाही आणि मग हळूच म्हणेल, ‘बरं.’ तो ‘बरं’ मला ऐकायचा नव्हता. शिवाय ती शाल होती. लिफ्ट होती.

“वेडा आहेस का? मी त्याच दिवशी डिलीट केलं ते,” मी म्हटलं.

तो म्हणाला, “रेकॉर्डिंगमध्ये कुकरची शिट्टी आहे ताई. कुणाच्या तरी घरातलं आहे.”

इथे थांबले असते तरी — तरी एक वेळ चाललं असतं का? नसतं. पण मी थांबलेही नाही. मी विचारलं, “विलास सुट्टीवर आहे ना सध्या?”

एवढंच. मी त्याचं नाव लावलं नाही, आरोप केला नाही. नुसता प्रश्न विचारला, उत्तर माहीत असलेला. पॅसेजमध्ये रक्त द्यायला आलेली माणसं बाकावर बसली होती, कुणीतरी टोकन नंबर पुकारत होतं. मग मिलिंद म्हणाला, “हो. आहे.”

विलासची सुट्टी तोडून त्याला परत बोलावलं. मुलीचा वाढदिवस दोन दिवसांवर होता. त्याचा फोन तपासला, तर मिलिंदचा मेसेज त्यात होता, अख्खा. आणि आणखी एक सापडलं — काढून टाकायला सांगितलेलं एक ॲप त्यानं कुठल्यातरी आतल्या कप्प्यात लपवून ठेवलं होतं. त्याची बायको रांगोळ्या काढते, त्यांचे फोटो टाकते. तो तिथे जाऊन प्रत्येक रांगोळीला बदाम देऊन यायचा. एवढंच करायचा, एक अक्षर कधी लिहिलं नव्हतं. पण जो हे लपवतो तो दुसरंही लपवेल, असं झालं. तो शेवटपर्यंत सांगत राहिला की मी पाठवलं नाही, माझ्या घरच्यांनी पाठवलं नाही. कोण ऐकतो? सख्ख्या जोडीदारानं त्याचं नाव दिलं होतं.

मिलिंदला बारा दिवस कोठडी मिळाली. ती त्यानं निमूट भोगली. म्हणाला, मी बोललो ही माझी चूक होतीच. विलासच्या कागदांवर तांबड्या शाईची नोंद झाली. त्याचं नाव हवालदारीसाठी लागणार होतं, ते मागे पडलं आणि मागेच राहिलं. तीन वर्षांनी, पंधरा वर्षांची नोकरी पुरी होताच, तो नाईक म्हणूनच घरी गेला. मधल्या काळात ते दोघं एकाच युनिटमध्ये होते आणि बोलत नव्हते. मिलिंद मला म्हणायचा, “मला ॲपचं काही नाही गं. साल्यानं डोळ्यांत डोळे घालून सांगितलं, मी नाही पाठवलं. हे मला विसरता येत नाही.”

मी ऐकून घ्यायचे. सोलत असलेला लसूण सोलत राहायचे.

आणि त्या काळात मी काय करत होते माहीत आहे? नियमावर बोलत होते. जिथे विषय निघेल तिथे — लॅबमध्ये, गोरेगावच्या मावशीकडे, आमच्या बुद्धविहारातसुद्धा. सैनिकाला तोंड नाही का? हातमोजे मागणं हे काय गुपित आहे? देशासाठी मरायचं आणि थंडी वाजते असं म्हणायचं नाही? फार छान बोलायचे मी. लोक माना डोलवायचे. आणि ते चूक आहे असं मला आजही वाटत नाही. पण मी ते कशासाठी बोलत होते? सगळा दोष त्या हुकमावर ढकलला की माझ्या वाट्याला काही उरत नव्हतं म्हणून. खरं म्हणजे मिलिंदला बोलायची बंदी होती, विलासला होती. मला कुणी बंदी केली नव्हती.

फौज सोडल्यावर विलास मुंबईला आला. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात सिक्युरिटी सुपरवायझर म्हणून लागला. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत माझ्या लॅबमध्ये आला. कानांजवळ केस पांढरे झाले होते. मी त्याला आतल्या खोलीत बसवलं, चहा मागवला. त्याने मुलीचा फोटो दाखवला. मग कप खाली ठेवला.

“ताई, मिलिंदा माझा फोन उचलत न्हाई. कितींदा केला. तुमचं तेवढं तो ऐकतो.” मी टेबलावरचे रिपोर्ट सारखे करत राहिले. “मी न्हाई पाठवलं ताई. लेकीची शपथ घेऊन सांगतो. बढतीचं मला काय बी न्हाई, गेली ती गेली. पर माझा दोस्त गेला ओ. तुम्हाला तरी पटतंय न्हवं?”

किती सोपं होतं तेव्हा. दार लावलेलं, खोलीत आम्ही दोघंच. शब्द अगदी जिभेवर आला होता — खरंच आला होता, ह्यावर तुम्ही विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. तेवढ्यात काउंटरवरून हाक आली, “सुजाता मॅडम, बारा नंबरचा रिपोर्ट!” आणि मी उठले. सुटका झाल्यासारखी उठले. उठता उठता म्हटलं, “मी बोलते मिलिंदशी.” त्याला तेच ‘हो’ वाटलं. त्याचे डोळे भरून आले.

मी बोलले. बोलले म्हणजे काय — वकिली केली. विलासनं काही केलं नाही, असं मी म्हटलं नाही. मी म्हटलं, “माणूस आहे रे, चुकतो. बाबांच्या वेळी कोण आलं होतं ते आठव. सोडून दे आता. माफ कर त्याला.” माफ कर, हे माझेच शब्द. मिलिंद म्हणाला, “तुझं मन मोठं आहे ताई. पण एकदा त्यानं कबूल करावं. माझ्या तोंडावर. मग झालं गेलं विसरलो मी.”

आणि हा निरोप विलासला कुणी दिला असेल?

मीच दिला. फोन करून, अगदी समजुतीच्या सुरात. म्हटलं, “तो म्हणतो, एकदा कबूल कर, मग काही नाही.” पलीकडे कारखान्याच्या गेटवरचा हॉर्न वाजत होता. विलासनं एकदाच विचारलं, “जे केलं न्हाई ते?” मी म्हटलं, “बघ बाबा, तुझी इच्छा. मैत्री हवी असेल तर.” असं म्हटलं मी. अंगठा उचलला तेव्हा रागाच्या भरात होते, फोनवर खोटं बोलले तेव्हा भ्यायले होते. हे बोलताना राग नव्हता, भीतीही फारशी नव्हती. शांत डोक्यानं, खिडकीतून बाहेर बघत बोलले.

हॉर्न थांबल्यावर तो म्हणाला, “बरं ताई.”

जो ‘बरं’ मला मिलिंदकडून ऐकायचा नव्हता, तो असा त्याच्याकडून ऐकला.

गेल्या वर्षी मिलिंद सुट्टीवर असताना, रविवारी दुपारी विलास जेवायला आला. आईनं मटणाचा रस्सा केला होता, भाकऱ्या मी केल्या. तो चपला काढून आत आला, बसला नाही. मिलिंद खुर्चीत होता, त्यानं वर बघितलं नाही. विलास हात पुढे बांधून उभा राहिला, साहेबासमोर उभं राहतात तसा.

“मिलिंदा, चुकलो,” तो म्हणाला. “मीच पाठवलं हुतं. बायकोला ऐकवलं, तिनं तिच्या भावाला धाडलं, तिथनं गेलं. ओट्यावर कुकर हुता बग, त्याचीच शिट्टी. तवा सांगायची छाती झाली न्हाई. माफ कर मला.”

त्यानं सगळं जुळवून आणलं होतं. मरोळहून मुलुंडपर्यंत येताना जुळवलं असेल, नाहीतर आदल्या रात्रभर. जिच्या रांगोळ्यांपायी त्यानं ते ॲप ठेवलं होतं त्या बायकोचं नाव मध्ये घालताना त्याचा आवाज जरा अडखळला. मी स्वयंपाकघराच्या दारात परात घेऊन उभी होते. आता बोल, आता बोल, असं मला कुणीतरी म्हणत होतं, स्पष्ट, कानाशी.

मिलिंद उठला आणि त्याला मिठी मारली. दोघंही रडले. आई पदरानं डोळे पुसत म्हणाली, “सुजातानं जुळवलं गं बाई.” आता ते दर आठवड्याला एकमेकांना फोन करतात. मिलिंद ज्याला त्याला सांगतो की ताई मध्ये पडली म्हणून आमची दोस्ती वाचली. विलासची बायको मला दिवाळीला फराळ पाठवते. तिला हे माहीत आहे का, की तिच्या नवऱ्यानं तिच्यावर काय ढकललं? मी विचारलेलं नाही.

त्या दिवशी जेवायला बसण्याआधी विलास माझ्याकडे आला आणि वाकला. माझे पिठाचे हात होते, मागे सरायला जागा नव्हती. त्यानं माझ्या पायांवर डोकं टेकलं आणि म्हणाला, “ताई, तुमच्यामुळं मला माझा भाऊ परत मिळाला. तुम्ही बी माफ करा.”

मी पदराला हात पुसले. एक हात त्याच्या डोक्यावर ठेवला.

“ऊठ रे,” मी म्हटलं. “आमच्या मनात आता काही नाही.”